वितळताना नेमकं काय तुटतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: सहसंयुज बंध दुर्बल असतो, म्हणून सहसंयुज संयुगांचे द्रवणांक आणि उत्कलनांक कमी असतात, असं शाळेत शिकलो, मग निव्वळ सहसंयुज बंधांनी बनलेला हिरा इतका कठीण कसा? ग्राफाइटही कार्बनचाच, मग तो मऊ का? सेंद्रिय संयुगांचे गुणधर्म याद्या पाठ न करता ओळखता येतात का? आणि जाता जाता, काही प्लास्टिक तापवलं की वितळतं आणि काही वितळायच्या आधीच करपतं, ते का?

चारही प्रश्नांची गाठ एकाच ठिकाणी आहे. मी पॉलिमरच्या, म्हणजे लांब साखळ्यांच्या रेणूंच्या, रचनेवर काम करते आणि शिकवतेही, आणि ही गाठ सुटली की मुलांचं निम्मं रसायनशास्त्र मार्गी लागतं, हे मी वारंवार पाहिलं आहे. तुम्ही शिकलेलं पहिलं वाक्यच चुकीचं आहे. सहसंयुज बंध, म्हणजे दोन अणूंनी इलेक्ट्रॉन वाटून घेऊन केलेला बंध, दुर्बल नसतो. पाणी उकळताना किंवा मेण वितळताना तो तुटतच नाही.

पाण्याचंच बघा. ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यातला एक बंध तोडायला सरासरी ४६३ किलोज्यूल प्रति मोल लागतात. एका रेणूत असे दोन बंध, म्हणजे ९२६. आता १०० अंश सेल्सिअसला एक मोल पाण्याची वाफ करायला किती ऊर्जा लागते? सुमारे ४१ किलोज्यूल. इतक्या ऊर्जेत रेणू फुटणं शक्यच नाही. आणि तसा तो फुटला असता तर भांड्यातून वाफेऐवजी हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडले असते. उकळताना रेणू शाबूत राहतात, फक्त एकमेकांपासून सुटतात. म्हणजे उत्कलनांक सांगतो तो रेणू-रेणूंमधल्या ओढीबद्दल. रेणूच्या आतल्या बंधाबद्दल तो जवळजवळ काहीच सांगत नाही.

म्हणून कुठल्याही पदार्थासमोर मी आधी एकच प्रश्न ठेवते: या बदलात नेमकं काय सुटतंय? रेणूच्या आतला बंध, की रेणूंमधली ओढ? बंध आयनिक, सहसंयुज की धात्विक, हे वर्गीकरण त्यानंतर. खरं तर बंधाच्या नावावरून त्याची ताकद कळतच नाही. पारा उणे ३८.८ अंशांना वितळतो, टंगस्टन ३४२२ अंशांना. दोन्हींत बंध धात्विकच.

या प्रश्नाची सगळ्यात चांगली परीक्षा घेणारी जोडी म्हणजे कार्बन डायऑक्साइड आणि सिलिकॉन डायऑक्साइड. आवर्त सारणीत कार्बन आणि सिलिकॉन एकाच गटात, सूत्रंही एकाच साच्याची. तरी एक वायू आहे आणि दुसरं क्वार्ट्‌झ, म्हणजे गारगोटी. कार्बन डायऑक्साइडमधला कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध सुमारे ७९९ किलोज्यूलचा, तर सिलिकॉन-ऑक्सिजन एकेरी बंध साधारण ४५० चा. ज्याचा बंध जास्त मजबूत, तोच वायू! कारण कार्बन दोन ऑक्सिजनशी दुहेरी बंध करून तिथेच तृप्त होतो. छोटा, सुटा रेणू तयार होतो आणि शेजारच्या रेणूशी त्याची ओढ नाममात्र उरते, इतकी की घन कार्बन डायऑक्साइड उणे ७८.५ अंशांनाच थेट वायू होतो. सिलिकॉनचा अणू आकाराने मोठा, त्याला ऑक्सिजनशी तसा दुहेरी बंध नीट जमत नाही. तो चार ऑक्सिजनशी एकेरी बंध करतो, प्रत्येक ऑक्सिजन पुढच्या सिलिकॉनला धरतो, आणि हे जाळं स्फटिकाच्या टोकापर्यंत जातं. त्यात सुटा रेणू असा कुठे नाहीच. वितळवायचं तर जाळ्याचे बंधच तोडावे लागतात आणि त्यासाठी दीड हजार अंशांच्याही वर जावं लागतं.

हिऱ्याचं उत्तर यातच आलं. हिऱ्यात प्रत्येक कार्बन चार कार्बनना चतुष्फलकाच्या, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंच्या आकृतीच्या, चार दिशांनी धरून असतो, प्रत्येक बंध १५४ पिकोमीटर लांबीचा (पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग). अख्खा हिरा हाच एक रेणू. तिथे कमकुवत ओढ कुठेच नाही, त्यामुळे आधी सुटेल असं काही नाही. एक गोष्ट मात्र वेगळी ठेवा. कठीण असणं म्हणजे न फुटणं नव्हे. हिऱ्यावर ओरखडा काढणं अवघड आहे, पण योग्य दिशेने घाव बसला तर तो सपाट पृष्ठावर दुभंगतो, कारण काही प्रतलांमध्ये दर क्षेत्रफळामागे कमी बंध ओलांडावे लागतात. हिरे फोडणाऱ्या कारागिरांना ही प्रतलं रसायनशास्त्राच्या कितीतरी आधीपासून माहीत होती.

ग्राफाइटमध्ये प्रत्येक कार्बन फक्त तिघांशी जोडलेला असतो, एकाच पातळीत, षटकोनांच्या जाळीत. ही बंधलांबी १४२ पिकोमीटर, म्हणजे हिऱ्यातल्यापेक्षा कमी. थराच्या आतला बंध हिऱ्याच्या बंधापेक्षा मजबूत आहे, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही. मऊपणा येतो तो थरांमधल्या अंतरातून. दोन थर एकमेकांपासून ३३५ पिकोमीटरवर असतात आणि त्यांच्यात फक्त व्हॅन डर वाल्स ओढ, म्हणजे बंध न जुळता नुसतं जवळ असल्याने लागणारी दुर्बल ओढ, असते. पेन्सिल कागदावर टेकवली की सुटतात ते थर. थरातली जाळी तशीच राहते. उरलेला चौथा इलेक्ट्रॉन थरभर मोकळा फिरतो, म्हणून ग्राफाइट थराच्या दिशेने वीज उत्तम वाहून नेतं आणि थराला काटकोनात फारच कमी. घनतेतही फरक दिसतो: हिरा ३.५१, ग्राफाइट सुमारे २.२६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर.

पुस्तकांत पुढचं वाक्य असतं, ‘थर घसरतात म्हणून ग्राफाइट वंगण म्हणून वापरतात.’ हे अर्धंच खरं आहे. निर्वात जागेत ग्राफाइट वाईट वंगण ठरतं. दुसऱ्या महायुद्धात फार उंचावर उडणाऱ्या विमानांच्या जनित्रांमधले कार्बनचे ब्रश भराभर झिजू लागले, तेव्हा हे ठळकपणे समोर आलं. खाली हवेतल्या बाष्पाचे रेणू ग्राफाइटच्या थरांच्या कडांवर बसतात, तिथले मोकळे, भुकेले बंध शांत करतात आणि मग घर्षण कमी होतं. उंचावरच्या कोरड्या हवेत ते बाष्पच नव्हतं. थर सुटायला सोपे आहेतच, पण कडेला काय घडतंय तेही बघावं लागतं. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण रचनेचं चित्र बरोबर असूनही त्यावरून काढलेला निष्कर्ष कसा अपुरा पडतो, ते इथे दिसतं.

आता मीठ. सोडियम क्लोराइड ८०१ अंशांना वितळतं, कारण त्यातही सुटे रेणू नाहीत. त्यात आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, असतात: प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड, प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. १९१३ मध्ये ब्रॅग पिता-पुत्रांनी क्ष-किरणांनी ही मांडणी दाखवली, तरी ‘सोडियम क्लोराइडचा रेणूच नाही’ हे अनेक रसायनशास्त्रज्ञांच्या पचनी पडलं नाही. हेन्री आर्मस्ट्राँग यांनी १९२७ मध्येही ‘नेचर’मध्ये पत्र लिहून या बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडणीवर सडकून टीका केली होती. आयनांवरचा भार वाढला की ओढ किती वाढते ते मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये दिसतं. तिथे दोन्ही आयनांवर दुप्पट भार, शिवाय आयन लहान, म्हणून जवळ. सोडियम क्लोराइडची जालक ऊर्जा, म्हणजे स्फटिकातले आयन पूर्ण सुटे करायला लागणारी ऊर्जा, ७८७ किलोज्यूल प्रति मोल, मॅग्नेशियम ऑक्साइडची सुमारे ३८००. त्याचा द्रवणांक २८०० अंशांच्या वर जातो आणि म्हणूनच भट्ट्यांच्या अस्तरात ते वापरतात.

मिठाचा चांगला मोठा स्फटिक मिळाला तर एक गोष्ट करून बघा. पातळ, धारदार पातं स्फटिकाच्या एखाद्या पृष्ठाला समांतर ठेवा आणि वरून हलका ठोका मारा. स्फटिक चुरगळत नाही, त्याचे दोन ठोकळे होतात आणि नवं पृष्ठ आरशासारखं सपाट असतं. त्या ठोकळ्याचे पुन्हा ठोकळे होतात, कोन दर वेळी काटकोनच. पात्याखाली आयनांची एक ओळ जराशी सरकली की धन आयनासमोर धन आणि ऋण आयनासमोर ऋण येतो आणि जे धरून होते तेच एकमेकांना ढकलू लागतात. धातूत असं होत नाही. तिथे इलेक्ट्रॉन कुणा एका अणूच्या मालकीचे नसतात, थर सरकला तरी बंध नव्या जागी तसाच टिकतो. म्हणून धातू वाकतो.

धातूबद्दल आणखी एक. तापवून मऊ केलेली तांब्याची जाड तार एकदा वाकवा, मग त्याच जागी सरळ करायचा प्रयत्न करा. दुसऱ्या वेळी ती जास्त जोर मागते, आणि बाक त्याच जागी सरळ न होता बाजूला नवी वळणं पडतात. पहिल्या वाकण्यात स्फटिकातले रेषीय दोष, म्हणजे अणूंच्या मांडणीतल्या रेषेसारख्या चुका, वाढले आणि एकमेकांत अडकले. धातू वाकतो तो अख्खा थर एकदम सरकून नव्हे, तर असे दोष थोडे थोडे पुढे सरकून, हे टेलर, ओरोवान आणि पोलान्यी यांनी १९३४ मध्ये स्वतंत्रपणे मांडलं. बंध तोच, अणू तेच, पण दोषांची मांडणी बदलली की तार कडक होते. पदार्थाचा अभ्यास नुसत्या बंधावर थांबत नाही तो इथे.

सेंद्रिय रसायनाकडे येते. कार्बनचीच एवढी संयुगं का, याचं उत्तर आकड्यांत आहे. कार्बन-कार्बन एकेरी बंध ३४७ किलोज्यूलचा, सिलिकॉन-सिलिकॉन २२२ चा, नायट्रोजन-नायट्रोजन १६३ चा, ऑक्सिजन-ऑक्सिजन १४६ चा. नायट्रोजन आणि ऑक्सिजनवर बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या असतात, त्या समोरासमोर आल्या की एकमेकींना रेटतात. कार्बनकडे चारही इलेक्ट्रॉन बंधात गुंतलेले, रेटणारी जोडी शिल्लक नाही, अणूही लहान. म्हणून लांब साखळ्या टिकतात. चार बंध चतुष्फलकाच्या दिशांना असतात हे व्हॅन्ट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ मध्ये ओळखलं, तेही इलेक्ट्रॉनचा शोध लागायच्या आधी, निव्वळ समघटकांची, म्हणजे सूत्र एकच पण रचना वेगळी असलेल्या संयुगांची, संख्या मोजून.

याद्या पाठ न करता उत्कलनांक कसा ओळखायचा? तोच प्रश्न विचारायचा. चार संयुगं घेऊ, रेणुवस्तुमान जवळजवळ सारखं. प्रोपेन, ४४: उणे ४२ अंशांना उकळतं. डायमिथाइल ईथर, ४६: उणे २४. इथेनॉल, तेही ४६: ७८. फॉर्मिक आम्ल, पुन्हा ४६: १०१. वस्तुमान हललंही नाही आणि उत्कलनांक १४० अंशांहून जास्त चढला. प्रोपेनमध्ये फक्त क्षणिक ध्रुवीयतेची ओढ, म्हणजे इलेक्ट्रॉन क्षणभर एका बाजूला सरकल्याने लागणारी. ईथरमध्ये ऑक्सिजनमुळे थोडी कायमची ध्रुवीयता. इथेनॉलमध्ये ऑक्सिजनला चिकटलेला हायड्रोजन आहे, तो शेजारच्या रेणूतल्या ऑक्सिजनकडे ओढला जातो, हाच हायड्रोजन बंध. फॉर्मिक आम्लात दोन रेणू एकमेकांना दोन हायड्रोजन बंधांनी धरू शकतात. इथेनॉल आणि डायमिथाइल ईथर यांचं सूत्रही एकच आहे, दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. फरक इतकाच की एकात ऑक्सिजन टोकाला हायड्रोजन घेऊन बसलाय आणि दुसऱ्यात दोन कार्बनांच्या मधे अडकलाय. क्रियात्मक गट म्हणतात तो हाच. यादी पाठ करायची नाही, रेणूकडे बघून ‘हा शेजाऱ्याला कशाने धरेल’ एवढं विचारायचं.

साखळी लांबली की क्रियात्मक गटाचा वरचष्मा कमी होतो. इथेनॉल पाण्यात कितीही मिसळतं, चार कार्बनांचं १-ब्युटेनॉल १०० मिलिलिटरमध्ये सात-आठ ग्रॅमच. आकाराचंही महत्त्व आहे. पाच कार्बनांची तीन समघटक अल्केन घ्या: सरळ पेंटेन ३६ अंशांना उकळतं, एक फांदी असलेलं आयसोपेंटेन २८ ला, गोळ्यासारखं निओपेंटेन ९.५ ला. गोळ्याला शेजाऱ्याशी टेकायला पृष्ठभाग कमी, म्हणून ओढ कमी. आता द्रवणांक बघा: सरळ पेंटेन उणे १३० ला वितळतं, निओपेंटेन उणे १७ ला. क्रम उलटला! वितळण्यात फक्त ओढ मोजली जात नाही, स्फटिकात रेणू किती नेटका बसतो तेही मोजलं जातं, आणि सममित गोळा फार नेटका बसतो. द्रवणांक आणि उत्कलनांक एकाच दमात पाठ करणाऱ्यांची इथे फसगत होते.

दुहेरी बंधाबद्दल एक गैरसमज नेहमीचा. दुहेरी म्हणजे दुप्पट मजबूत, मग तो जास्त क्रियाशील कसा? इथेनमध्ये कार्बन-कार्बन अंतर १५४ पिकोमीटर, ईथीनमध्ये १३४, ईथाइनमध्ये १२०. बंधऊर्जा ३४७, सुमारे ६१४ आणि ८३९. म्हणजे दुसऱ्या बंधाची भर २६७ ची, पहिल्यापेक्षा बरीच कमी. हा दुसरा, पाय बंध, दोन केंद्रकांना जोडणाऱ्या रेषेच्या वर-खाली पसरलेला आणि इलेक्ट्रॉन शोधणाऱ्याला सहज सापडणारा असतो. समावेशन अभिक्रियेत, म्हणजे दुहेरी बंधावर नवे अणू जोडले जातात तेव्हा, तो एकटाच तुटतो, पहिला बंध शाबूत राहतो.

पाय बंधाचा दुसरा परिणाम मला त्याहून मोलाचा वाटतो: तो बंधाभोवतीचं फिरणं थांबवतो. अठरा कार्बनांची तीन मेदाम्लं घ्या. स्टीअरिक आम्लात दुहेरी बंध नाही, साखळ्या सरळ, एकमेकींना लगटून बसतात, द्रवणांक ६९ अंश. ओलेइक आम्लात मधोमध एक दुहेरी बंध, आणि साखळीचे दोन्ही भाग त्याच्या एकाच बाजूला; साखळीला कायमचा बाक येतो, रचणं बिघडतं, द्रवणांक १३-१४ अंशांवर येतो. इलाइडिक आम्लात दुहेरी बंध त्याच जागी, पण दोन्ही भाग विरुद्ध बाजूंना; साखळी पुन्हा जवळजवळ सरळ, द्रवणांक ४५ च्या आसपास. ओलेइक आणि इलाइडिक यांचे अणू तेच, बंधही तेच, तरी खोलीच्या तापमानाला एक द्रव आणि एक घन. आंशिक हायड्रोजनीकरणात, म्हणजे तेलातल्या काही दुहेरी बंधांवर हायड्रोजन जोडताना, ट्रान्स मेदाम्लं तयार होतात ती इलाइडिकच्याच जातीची.

बेंझिनबद्दल थोडक्यातच. त्यात सहा कार्बनांचं वलय असतं; चित्रात आपण एकाआड एक दुहेरी बंध काढतो, पण सहाही बंध १३९ पिकोमीटरचे असतात. वलय सपाट आणि सम असतं हे कॅथलीन लॉन्सडेल यांनी १९२९ मध्ये हेक्झामिथाइल बेंझिनच्या स्फटिकावरून सिद्ध केलं. तीन वेगळे दुहेरी बंध असते तर हायड्रोजनीकरणात सुमारे ३६० किलोज्यूल बाहेर पडले असते, पडतात २०८. हा १५२ चा फायदा बेंझिन सोडत नाही, म्हणून त्यात समावेशनापेक्षा प्रतियोजन अभिक्रिया होतात, म्हणजे वलय तसंच राहून हायड्रोजनच्या जागी दुसरा अणू किंवा गट येतो.

‘बंधात ऊर्जा साठवलेली असते आणि तो तुटला की बाहेर पडते’ हे वाक्यही तुम्ही ऐकलं असेल. ते विसरा. बंध तोडायला ऊर्जा द्यावीच लागते, मिळते ती बंध जुळताना. मिथेन जळतं तेव्हा चार कार्बन-हायड्रोजन बंध, प्रत्येकी ४१३, आणि दोन ऑक्सिजन रेणू, प्रत्येकी ४९८, तोडायला २६४८ किलोज्यूल खर्च होतात. दोन कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध आणि चार ऑक्सिजन-हायड्रोजन बंध जुळताना ३४५० मिळतात. हाती राहिले ८०२, आणि पाण्याची वाफ धरून प्रयोगात मिळणारं उत्तरही हेच आहे.

राहिलं प्लास्टिक. पॉलिथीन १९३३ मध्ये फॉसेट आणि गिब्सन यांना अति उच्च दाबाखालच्या प्रयोगात मिळालं. त्या पद्धतीत साखळ्यांना फांद्या फुटतात, त्या नीट रचल्या जात नाहीत, घनता ०.९२ च्या आसपास राहते. १९५३ मध्ये झीग्लर यांच्या उत्प्रेरकाने कमी दाबात जवळजवळ बिनफांद्यांच्या साखळ्या मिळाल्या, घनता ०.९५ च्या आसपास गेली आणि प्लास्टिक अधिक ताठ झालं. दोन्हींत रसायन एकच, रचण्यात फरक. पॉलिथीनच्या पिशवीची एक पट्टी कापून सावकाश ताणा. आधी काहीच होत नाही, मग एका जागी ती अचानक अरुंद होते आणि तो अरुंद भाग दोन्ही बाजूंना पसरत जातो, बाकीची पट्टी मूळ रुंदीचीच राहते. अरुंद भाग ताणाच्या दिशेने कमालीचा चिवट असतो आणि आडव्या दिशेने मात्र सहज उभा फाटतो. साखळ्या ताणाच्या दिशेला ओळीत आल्या. आता त्या दिशेला भार कार्बन-कार्बन बंधांवर आहे आणि आडव्या दिशेला फक्त व्हॅन डर वाल्स ओढीवर.

अशा सुट्या साखळ्यांचं प्लास्टिक तापवलं की साखळ्या एकमेकींवरून सरकतात, एकही सहसंयुज बंध न तुटता ते वितळतं आणि गार झालं की पुन्हा घट्ट होतं. बेकेलाइटमध्ये, जे बेकलँड यांनी १९०७ मध्ये बनवलं, साखळ्या आडव्या सहसंयुज बंधांनी एकमेकींत विणलेल्या असतात. एपॉक्सीचं आणि गंधकाने पक्क्या केलेल्या रबराचंही तसंच. रबरात या आडव्या गाठी विरळ असतात, म्हणून ते ताणलं जातं आणि परत येतं. बेकेलाइटमध्ये दाट, म्हणून ते ताठ राहतं. तापवलं तर सुटायला तिथे दुर्बल ओढ नाहीच, सरकू शकेल अशी मोकळी साखळी नाही. तापमान वाढत जातं आणि शेवटी आडवे आणि उभे बंध एकदमच तुटू लागतात. तेव्हा जे होतं ते विघटन, वितळणं नव्हे. म्हणून ते करपतं, आणि म्हणूनच अशा वस्तू वितळवून पुन्हा साच्यात ओतता येत नाहीत.